पानांच्या फोटोतला ग्रेन: रोल बदलण्याआधी उजेड बघा

प्रश्न थोडक्यात असा: "घरामागच्या बागेत आणि पावसाळ्यात ताम्हिणी, भीमाशंकरकडे फिरताना मी ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर पानांचे फोटो काढतो. ३५ मिमी कॅमेरा, ५० मिमी लेन्स, एचपी५ प्लसचा रोल. घरीच डी-७६ डेव्हलपरमध्ये डेव्हलप करतो आणि फ्लॅटबेडवर स्कॅन करतो. पानांवर रव्यासारखा ग्रेन येतो. त्याऐवजी बारीक ग्रेनची डेल्टा १०० फिल्म वापरू का? डेव्हलपर बदलू का? हिरवा फिल्टर लावला तर फरक पडेल का?"

रोल बदलू नका, निदान लगेच तरी नको. ग्रेन एचपी५ चा आहे हे खरं, पण तो इतका डोळ्यांत खुपतोय त्याची कारणं माझ्या मते वेगळी आहेत: ढगाळ हवेतला सपाट उजेड, ५० मिमी लेन्स पुरेशी जवळ जात नाही म्हणून नंतर कापलेली फ्रेम आणि फोटो फिका वाटला म्हणून स्कॅनमध्ये ओढलेला कॉन्ट्रास्ट. डेल्टा १०० घेतलीत तरी या तिन्ही गोष्टी तिथेही असणारच.

ग्रेन दिसतो कुठे, ते आधी बघू. डेव्हलप झालेल्या निगेटिव्हमध्ये चांदीचे अतिसूक्ष्म कण जिलेटिनच्या थरात दाटीवाटीने बसलेले असतात. एकेक कण काही आपल्याला दिसत नाही. दिसतात ते त्यांचे पुंजके आणि पुंजक्यांमधल्या फटी. निगेटिव्हचा जो भाग जवळजवळ कोरा असतो तो प्रिंटमध्ये काळाकुट्ट येतो. तिथे चांदीच नसते, मग ग्रेन येणार कुठून? जो भाग फार गडद असतो तो प्रिंटमध्ये पांढरा होतो. तिथे चांदी भरपूर असते, पण पांढऱ्यातला बारीक चढउतार डोळ्याला जाणवत नाही. राहिला मधला करडा. ग्रेन नांदतो तो तिथे. आणि हिरवं पान म्हणजे बहुतेक वेळा नेमका हाच मधला करडा, मीटर ज्याला गृहीत धरून चालतो त्या १८ टक्के ग्रे कार्डाच्या आसपासचा. शिवाय पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर त्या करड्यात डोळ्याला धरायला दुसरं काहीच सापडत नाही. मग डोळा ग्रेनच बघत बसतो.

म्हणून माझा सगळा भर या दोन गोष्टींवर आहे: पानाला त्या मधल्या करड्यातून थोडं वर किंवा थोडं खाली सरकवायचं आणि पानावर उजेडाने काहीतरी लिहून घ्यायचं. फिल्म आणि डेव्हलपर त्यानंतर.

आळूचं पान घ्या, कारण ग्रेनच्या दृष्टीने ते सगळ्यांत कठीण. कोरडं असेल तर त्याला चकाकी अजिबात नसते, मखमलीसारखा मंद पृष्ठभाग असतो. जुलैतल्या दुपारी आभाळ गच्च भरलेलं असताना उजेड चारी बाजूंनी सारखा येतो आणि ते भलंमोठं पान फिल्मवर एकसलग करडं उतरतं. पण जवळ जाऊन नीट पाहिलंत तर मधल्या देठाच्या जागेपासून कडेकडे गेलेल्या शिरा दिसतील. दोन शिरांमधला भाग किंचित फुगलेला आणि शिरेपाशी किंचित दबलेला असतो. हा उंचसखलपणा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो, पण उजेड एका बाजूने आला की तेवढाही पुरतो. पावसाळ्यात एका बाजूने उजेड आणायचा कुठून? आणायचा नाही, दुसऱ्या बाजूचा काढून घ्यायचा. काळी छत्री उघडून पानाच्या एका अंगाला, फ्रेमच्या अगदी कडेला लावा. त्या बाजूचं आभाळ झाकलं गेलं की शिरांना सावली येते आणि पान लगेच उठून दिसतं. मीटरवर पानाच्या दोन बाजूंत एक स्टॉपचा, म्हणजे उजेडात दुपटीचा, फरक आला तरी काम झालं. पानावर पाण्याचे थेंब असतील तर त्यांच्यातली आभाळाची टिंबंही छत्रीमुळे कमी होतात. त्यातली एकदोन राहू द्या, फोटोला तेवढा पांढरा हवाच.

पिंपळाचं प्रकरण वेगळं. त्याचं पान पातळ असतं आणि शिरांची जाळी इतकी बारीक की मागून उजेड आला की ग्रेनला जागाच उरत नाही. कोवळं पान सूर्य आणि लेन्स यांच्या मधे येईल असं उभं राहा, सूर्य मात्र पानाआड किंवा फ्रेमबाहेर ठेवा. पानातून गाळून येणारा उजेड पिवळट हिरवा असतो. मीटर थेट पानावर घ्या आणि त्याने सांगितलं त्याहून एक स्टॉप जास्त द्या. पान उजळ राखाडी होतं, शिरा गडद उमटतात.

आता पार्श्वभूमी. लेन्स एफ/२.८ इतकी उघडून मागचं सगळं धूसर करायची सवय डिजिटलमधून येते. फिल्मवर ते धूसर हिरवं म्हणजे मोठाच्या मोठा करडा पट्टा, आणि ग्रेनची तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे निम्मे फोटो पानाचे नसतात, त्या पट्ट्याचे असतात. पानामागे सावलीतलं खोड येईल अशी जागा शोधा, किंवा घराचा अंधारा दरवाजा, किंवा तीच छत्री. पार्श्वभूमी पानापेक्षा तीन-चार स्टॉप खाली असेल तर निगेटिव्ह तिथे जवळपास कोरं राहतं आणि ग्रेनचा प्रश्नच मिटतो.

एक्स्पोजरबद्दल दोन टोकांचे सल्ले ऐकू येतात. "निगेटिव्ह भरपूर एक्स्पोज करा, ग्रेन कमी होतो" हा सल्ला खरा आहे तो इलफर्ड एक्सपी२ सुपरसारख्या फिल्मसाठी, जी रंगीत रोलच्या सी-४१ प्रक्रियेत धुतली जाते आणि जिच्यात शेवटी चांदी उरत नाही, रंगद्रव्य उरतं. एचपी५, ट्राय-एक्स, एफपी४ या चांदीच्या फिल्ममध्ये उलट होतं: एक्स्पोजर जास्त झालं की चांदी जास्त साचते आणि ग्रेन वाढतो. पण कमी एक्स्पोजरनेही सुटका नाही. निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकं, आलं की प्रिंटसाठी कडक ग्रेडचा, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्ट देणारा, कागद लागतो किंवा स्कॅनमध्ये कर्व्ह उभा करावा लागतो, आणि त्यात आहे तेवढा ग्रेन फुगून दिसतो. पानामागे उघडं आभाळ असताना कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबलं की नेमकं हेच होतं. म्हणून मीटर पानाजवळ नेऊन घ्यावा आणि मग पान कुठे ठेवायचं ते आपण ठरवावं. फणसाचं, आंब्याचं जून पान मुळात गडद असतं, ते मीटरच्या एक स्टॉप खाली ठेवा. केळीचा नुकता उलगडलेला कोंब किंवा कोवळी पालवी एक स्टॉप वर. दोन्हीकडे पान करड्याच्या मध्यातून बाजूला होतं आणि डोळ्याला दिसतं तसंच उतरतं.

तुमची फ्रेम कापायची सवय. हा मुद्दा रुक्ष आहे, पण ग्रेनवर सगळ्यांत जास्त परिणाम याचाच. ३५ मिमीच्या फ्रेमने ८ बाय १० इंचांचा कागद पूर्ण भरायचा तर ती सुमारे साडेआठपट मोठी होते. बहुतेक ५० मिमी लेन्स साधारण अर्ध्या मीटरच्या आत फोकस करत नाहीत. तेवढ्यावरून पिंपळाचं पान फ्रेमच्या मधे कुठेतरी बसतं, मग तुम्ही अर्धी रुंदी, अर्धी उंची कापता. म्हणजे आता तोच ग्रेन सतरापट मोठा. यावर डेल्टा १०० पेक्षा स्वस्त उपाय म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब. त्यात काच नसते, कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसणारी नुसती पोकळ नळी असते. २५ मिमीची ट्यूब ५० मिमी लेन्सला लावली की फिल्मवरची प्रतिमा वस्तूच्या निम्म्या आकाराची मिळते. त्यात सव्वा स्टॉपच्या आसपास उजेड जातो. कॅमेऱ्यातला मीटर लेन्समधूनच बघत असेल तर तो ते आपोआप धरतो, हातातला मीटर असेल तर तुम्ही धरा. वस्तूच्या आकाराइतकी प्रतिमा हवी असेल तर पूर्ण दोन स्टॉप.

जुना ६ बाय ६ सेंमी निगेटिव्हचा कॅमेरा हाताशी असेल तर अर्थात उत्तमच. त्याचं निगेटिव्ह ३५ मिमीच्या साडेतीनपटींहून मोठं असतं. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३१ साली काढलेलं कोबीचं पान पाहिलं की लोक फिल्म कोणती असं विचारतात. ते ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचे, म्हणजे निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचं. काहीच मोठं केलं नाही तर ग्रेन दिसणार कसा?

फिल्टरचं विचारलंय. फिल्टरने ग्रेन थेट कमी होत नाही, पण पानाचा टोन सरकतो, म्हणजे आपल्या कामाचाच. हिरव्या पानांसाठी मी पिवळट हिरवा, म्हणजे रॅटन ११ क्रमांकाचा, वापरतो. पानं जेमतेम अर्धा टोन उजळतात, पण आभाळही थोडं दबतं. त्यात दोन स्टॉप जातात. पूर्ण हिरव्या ५८ क्रमांकात पावणेतीन ते तीन स्टॉप जातात, आणि जंगलात तेवढे उरलेले नसतात. साधा पिवळा, ८ क्रमांकाचा, एकच स्टॉप खातो आणि त्याचा एक फायदा फारसं कोणी सांगत नाही: फणसासारख्या तुकतुकीत पानावरची चकाकी ही आभाळाची निळसर झाक असते, ती पिवळ्याने थोडी उतरते आणि पानाचा खरा पोत खालून वर येतो. पोलरायझर ती चकाकी पूर्ण पुसू शकतो, पण पूर्ण पुसू नका. पान मेल्यासारखं दिसतं आणि पुन्हा तोच सपाट करडा मिळतो. फिरवत फिरवत निम्म्यावर थांबा.

फिल्टरची खरी मजा बघायची तर मार्च महिन्यात कुसुंबाची पालवी. लालभडक, आणि त्याच झाडावर खाली जुनी हिरवी पानं. फिल्टरशिवाय पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या, फिल्मवर दोन्ही जवळपास सारखीच करडी येतात आणि फोटो बघून झाडात विशेष काय होतं तेच कळत नाही. हिरवा फिल्टर लावा, पालवी काळपट होते. लाल २५ क्रमांकाचा लावा, पालवी पांढरट होऊन पेटल्यासारखी वर येते आणि जुनी पानं खाली दबतात. मी लालच लावतो. तीन स्टॉप जातात, पण तिथे ऊन भरपूर असतं.

आता फिल्म. ट्रायपॉड वापरणार असाल आणि वारा नसेल तर एफपी४ प्लस किंवा डेल्टा १०० यांसारखी मंद फिल्म जरूर घ्या. टी-मॅक्स आणि डेल्टा यांचे कण वेगळ्या घडणीचे असतात, त्यामुळे तेवढ्याच स्पीडला ग्रेन बारीक मिळतो, पण डेव्हलपिंगच्या वेळेतली आणि तापमानातली ढिलाई त्या एफपी४ इतकी सोसून घेत नाहीत. सुरुवातीला एफपी४ बरी. मात्र हिशेब करून बघा. पावसाळ्यात दाट झाडीखाली, एफ/११ ला, ट्यूब लावून एफपी४ साठी मीटर सहज आठ सेकंद दाखवतो. एवढ्या लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते. इलफर्डने दिलेल्या सूत्राप्रमाणे ते आठ सेकंद सुमारे चौदा करावे लागतात. चौदा सेकंद जंगलात पान स्थिर राहील? राहिलं तर मला कळवा. हललेल्या पानाचा बारीक ग्रेन कोणाला हवाय! अशा जागी जास्त वेगवान एचपी५ च योग्य. किंवा गळलेलं पान घरी आणून खिडकीशी ठेवा. अभयारण्यातली फांदी मात्र तोडायची नाही. घरच्या आळूचं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर सुकत नाही आणि तासभर निवांत काम होतं.

एके काळी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल इथेच बनायचा. आता प्रत्येक रोल बाहेरून येतो आणि किंमत ऐकून छातीत धस्स होतं. त्यामुळे प्रयोग करायचे ते डेव्हलपरवर करा, तो घरी बनवता येतो.

डी-७६ मध्ये काही वाईट नाही. एका लिटरमध्ये १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. ते कणांच्या कडा किंचित विरघळवतं, त्यामुळे ग्रेन मऊ दिसतो. तेवढंच पाणी घालून पातळ करून, म्हणजे १+१ वापरलं की हा परिणाम कमी होतो: धार वाढते, ग्रेनही थोडा वाढतो. तुम्ही १+१ वापरत असाल तर एक रोल पातळ न करता धुऊन बघा. डी-७६ चाच जुळा असलेल्या आयडी-११ मध्ये एचपी५ ला २० अंशांवर १+१ साठी १३ मिनिटं आणि पातळ न करता साडेसात मिनिटं, असे इलफर्डचे आकडे आहेत. याहून मऊ हवं असेल तर डी-२३ बनवा: एक लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, निर्जल. बस, दोनच पदार्थ, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळणारे. पाणी ५० अंशांच्या आसपास गरम करायचं, आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्यायचं आणि मग उरलेलं सल्फाइट. क्रम उलटा केलात तर मेटॉल विरघळायला फार छळतं. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या कातडीला त्रास होतो. उजळ भाग डी-२३ मध्ये आटोक्यात राहतात, म्हणून मागून उजेड आलेल्या पानांना तो छान मानवतो.

तापमान हा आपल्याकडचा खास प्रश्न. पुस्तकातले आकडे २० अंशांचे आणि मे महिन्यात नळाचं पाणी तिशीच्या घरात. बर्फ घालून २० वर आणण्यापेक्षा २४ वर काम करा आणि वेळ कमी करा. १३ मिनिटांचे साधारण ९ होतात. साडेसातचे पाच-सव्वापाच होतात, आणि पाचाच्या खाली डेव्हलपिंग एकसारखं होत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी स्वतः १+१ कडेच वळतो. खरं महत्त्व आहे ते डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी यांत दोन अंशांहून जास्त फरक न पडू देण्याला. डेव्हलपर २० ला आणि धुवायला ३२ अंशांचं पाणी थेट नळाखाली, असा झटका दिला की ग्रेन भरड दिसण्याची शक्यता वाढते. सगळ्या बाटल्या आणि धुण्याच्या पाण्याची बादली आदल्या रात्रीच एका जागी ठेवली की निम्मी काळजी मिटते. टाकी हलवण्यातही संयम हवा: मिनिटाच्या सुरुवातीच्या दहा सेकंदांत चार वेळा उलटी करायची, मग खाली ठेवून द्यायची. सतत खळखळवलं की कॉन्ट्रास्ट चढतो.

आणि हो, सपाट उजेडात काढलेला रोल "जास्त डेव्हलप करून" वाचवायचा मोह होतो. कॉन्ट्रास्ट मिळतो, ग्रेनही मिळतो. छत्री त्यापेक्षा स्वस्त.

स्कॅनिंगमध्ये सगळ्यांत आधी शार्पनिंग बंद करा. फ्लॅटबेड स्कॅनर ग्रेन नीट वेगळा ओळखू शकत नाही, त्याच्या पिक्सेलच्या जाळीत पुंजके अडकून खोटा, जास्त भरड ग्रेन तयार होतो, आणि शार्पनिंग त्यालाच धार लावतं. १६ बिटमध्ये, फिका वाटेल असाच स्कॅन घ्या, कॉन्ट्रास्ट नंतर द्या आणि तोही पूर्ण चित्राला नको, पानापुरता. धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय चांदीच्या फिल्मला चालत नाही, कारण चांदी इन्फ्रारेड अडवते आणि शिरांच्या जागी डाग पडतात. ती बंदच ठेवा आणि ब्रश वापरा. मॅक्रो लेन्स असलेला डिजिटल कॅमेरा मिळाला तर लाइट पॅडवर निगेटिव्ह ठेवून फोटो घेऊन बघा. त्याच निगेटिव्हचा ग्रेन किती वेगळा दिसतो ते पाहून तुम्ही फ्लॅटबेडला दोष द्याल. निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढणारा एन्लार्जर असेल तर कंडेन्सरवाल्यापेक्षा उजेड पसरवून देणाऱ्या डिफ्यूजन हेडवर ग्रेन मवाळ येतो.

एक अपवाद सांगायला हवा. सागाचं वाळलेलं पान, भोकं पडलेलं, खरखरीत, कडा मुरडलेल्या. तिथे हे सगळं उलटं करतो. एचपी५, तिरपं ऊन, १+५० रोडिनल डेव्हलपर. रोडिनलमध्ये सल्फाइटचा तो मऊपणा नाही, कण जसेच्या तसे टोकदार येतात. त्या पानाच्या खरखरीत अंगावर ग्रेन कुठे संपतो आणि साग कुठे सुरू होतो ते कळत नाही, आणि बारीक ग्रेनच्या फिल्मवर तेच पान मला धुऊन इस्त्री केल्यासारखं वाटतं. अशा पानाला प्रिंट करताना एक ग्रेड कडक कागद घ्यायलाही मी कचरत नाही. फक्त पार्श्वभूमी तेवढी काळी ठेवतो.